1998 साली बंदर थांबलं, पण आमच्या प्लॉटांचं काय?

1998 च्या सप्टेंबरात वाढवणचं बंदर नामंजूर झालं. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने सांगितलं की 1991 चं नोटिफिकेशन आणि 1996 चा सुप्रीम कोर्टाचा हुकूम बघता डहाणू तालुक्यात असलं बंदर बसत नाही. पी अँड ओ ही परदेशी कंपनी आणि तिला बोलावणारं सरकार, दोघांनाही थांबावं लागलं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार भावाबहिणींनी हे लढून मिळवलं. त्यांना आमचा जोहार.

पण तेव्हा कासाच्या बाजारात उभं राहिलं, नाहीतर एस.टी.त बसलं की एकच बोलणं कानावर यायचं, "बंदर आला असता तर पोरांना काम भेटला असता." असं बोलणारे सगळेच काही दलाल नाहीत. त्यात आमच्याबरोबर आश्रमशाळेत एका पंगतीत जेवलेली, बारावी झालेली पोरं आहेत. सर्टिफिकेट ट्रंकेत आणि पोरगा वीटभट्टीवर, अशी त्यांची गत आहे. त्यांना "तुम्ही फुटलात" म्हणून गप्प बसवणं सोपं आहे. आम्हाला ते करायचं नाही. त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, काम कुणाला मिळतं ते तारापूरला जाऊन बघा. अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं. त्यानंतर एमआयडीसी आली, केमिकलचे कारखाने आले. आमच्यातले काही जण तिथे एका कारखान्यात राहून आलेत. नाव ठेकेदाराच्या वहीत, कारखान्याच्या रजिस्टरला नाही. हजेरी कार्ड नाही. ड्रम धुवायचे, पिशव्या उचलायच्या, हाताची कातडी सोलली की दुसरा माणूस. आतली कायमची नोकरी बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला. बंदरात याहून वेगळं काय होणार? आता बंदरात कुणी डोक्यावर पोती वाहत नाही. घराएवढ्या लोखंडी पेट्या येतात, त्या क्रेनने उचलतात. एक माणूस वर काचेच्या खोलीत बसून शंभर माणसांचं काम करतो. तो माणूस आमच्या पाड्यावरचा असेल असं कंपनीने कुठे लिहून दिलं होतं?

दुसरी गोष्ट, बंदर समुद्रात म्हणून आपल्याला काय, असं डोंगरातली माणसं म्हणतात. समुद्रात भराव घालायला दगड-मुरूम लागतो आणि तो डोंगर फोडूनच येतो. पाणी लागतं, ते सूर्या नदीचं. धामणीचं धरण बांधताना शेतीला पाणी देतो म्हणून सांगितलं होतं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना विचारा, पाणी कुठे आहे. रस्ता लागतो, गोदामं लागतात, टँकर उभे करायला जागा लागते. हे सगळं पाड्यांच्याच अंगावरून जाणार.

हे बंदर एकटं आलेलं नव्हतं. 1991 साली दिल्लीच्या सरकारने नवं आर्थिक धोरण आणलं आणि परदेशी भांडवलाला दार उघडून दिलं. शहरातले लोक त्याला जागतिकीकरण म्हणतात. आमच्याकडे ते विटेच्या रूपाने आलं. मुंबई, वसई, भिवंडी, कल्याण जशी वाढली तशा भट्ट्या वाढल्या. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, तेव्हा शेठचा माणूस पाड्यावर येतो, उचल देतो. दिवाळी झाली की बायकापोरांसकट टेम्पोत भरून जायचं. हजार विटांच्या हिशेबाने मजुरी. आगोटीला परत यायचं तेव्हा शेठ वही उघडतो आणि अजून बाकी निघते. पोरांची शाळा त्या टेम्पोतच सुटते. त्या विटांच्या इमारतीत राहणाऱ्याला वाटतं, देश पुढे चालला.

आता थोडं कडू बोलतो, आपल्या मित्रांना लागलं तरी चालेल. "डहाणू वाचवा" म्हणणाऱ्यांत चिकूच्या वाडीवालेही आहेत. थर्मल पॉवरची राख चिकूच्या मोहोरावर बसू नये म्हणून ते कोर्टात गेले. चांगलं केलं, राख आमच्याही छातीत जाते. बंदराच्या विरोधात आपण त्यांच्याबरोबर उभे राहिलो, पुढेही राहू. पण ज्या वाडीचं झाड वाचलं, त्या वाडीत फळं उतरवणाऱ्या वारलिणीला रोज किती मिळतो, हे विचारलं की हीच माणसं दुसरीकडे बघतात. आणि त्या वाड्यांखालची जमीन आपल्या आजा-पणजांच्या ताब्यातून कशी गेली, ते म्हाताऱ्यांना अजून आठवतं. 1945 चं बंड उगाच नाही झालं.

नोटिफिकेशनचंही तसंच. सगळ्या तालुक्यात उद्योगाला 500 एकरांपलीकडे जागा नाही, असं ते म्हणतं. ते टिकलं पाहिजे. व्यापारी आणि पुढारी ते उठवायच्या मागे आहेत, त्यांना साथ देऊ नका. पण त्या कागदात जंगलातल्या झाडाला संरक्षण आहे, जंगलात नागली-वरई पिकवणाऱ्या माणसाला नाही. तेव्हा फॉरेस्टवाल्याच्या लेखी आपण अतिक्रमण करणारे होतो.

इथेच खरी गाठ आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्या आदिवासीची जमीन 1974 च्या कायद्याने कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. सरकारने घेतलीच तर भरपाई तरी मागता येते. पण एकसाली प्लॉटवाल्याचं काय? तीन पिढ्या राब भाजला, बांध घातले, तरी तेव्हा कागदावर जमीन फॉरेस्टची होती. कंपनीला ती हवी असली तर तिला आपल्याशी बोलायचीही गरज नव्हती. मुंबई-दिल्लीला दोन सह्या झाल्या की काम व्हायचं. सातबारावाल्याला भरपाई आणि प्लॉटवाल्याला नोटीस! वाढवणचं बंदर 1998 साली थांबलं, पण उद्या दुसरं काही येईल, तेव्हाही आपली हीच अवस्था असेल तर भट्टीवरच जावं लागेल. मग नोकरी मागणाऱ्या पोराला आम्ही कुठल्या तोंडाने सांगायचं की शेती धर?

31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं सरकारने स्वतः ठरवलं होतं. 1998 पर्यंत त्याला 20 वर्षं झाली होती. कितीतरी दावे "कागद नाही" म्हणून फेटाळले. 1995 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त कागद नाही म्हणून दावा फेटाळू नका, इतर पुरावाही बघा. तरी त्यानंतरही तहसील कचेरीत तेच उत्तर मिळायचं, "पावती आणा."

24 डिसेंबर 1996 पासून अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा कायदा आहे. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यायची अट त्याने घातली. सल्ला म्हणजे मंजुरी नव्हे, ही त्यातली पळवाट होती, ती आम्हाला तेव्हाच दिसली. पण सरपंचाने घरी बसून अंगठे गोळा केले आणि "गावाची हरकत नाही" असं लिहून दिलं तर ती पळवाटसुद्धा उरत नाही. तेव्हा ग्रामसभा पाड्यावर भरवा, बायांना पुढे बसवा, ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सही-अंगठा करू नका, नक्कल मागून घ्या.

आणि भट्टीवर जायच्या आधी एवढं करा. घरातल्या जुन्या दंडाच्या पावत्या, फॉरेस्टच्या नोटिसा, केस झाली असेल तर कोर्टाचे कागद बाहेर काढा. बऱ्याच घरांत ते कुडात खोचलेले आहेत, वाळवी खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, संघटनेच्या कार्यकर्त्याला दाखवा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना प्लॉटवर घेऊन जा. जमीन कुणी फोडली, कुठल्या सालच्या पावसात, बांधावरचं झाड कुणी लावलं, ते त्यांनी सांगावं. बारावी झालेल्या पोरांनी ते लिहून घ्यावं.