चीन-अमेरिकेचं भांडण, बीडच्या सोयाबीनला कसं भोवतं? समजून घ्या

बीड : अंबाजोगाई, केज, परळी भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी पहिला मेसेज असतो लातूरच्या सोयाबीन भावाचा. २०२५ च्या हंगामात त्या मेसेजच्या मागेपुढे ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या बातम्याही फिरत होत्या. मोंढ्यात भाव विचारला की अडत्याही 'वरूनच बाजार पडलाय' असं सांगून मोकळा होतो.

हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. खुल्या बाजारात मात्र बरेच सौदे त्याखालीच झाले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने जिल्ह्यातलं उभं पीक पाण्यात गेलं आणि हाती आलेल्या मालात ओलावा राहिला. ही आपल्याकडची कारणं झाली. पण बाजारावर सावली पडते ती अमेरिका आणि चीन यांच्या भांडणाचीही. ते भांडण काय आहे, दोन्हीकडचे समाज वेगळे कसे आहेत आणि त्याची झळ बीडपर्यंत कशी येते, ते पाहूया.

भांडण नेमकं काय?

२०२४ मध्ये अमेरिकेने चीनकडून सुमारे ४३९ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि चीनला विकला सुमारे १४४ अब्ज डॉलरचा. मधली दरी जवळपास २९५ अब्ज डॉलरची. ही दरी म्हणजे आपली लूट, असं ट्रम्प यांचं म्हणणं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी चिनी मालावरचा कर वाढवत १४५ टक्क्यांवर नेला. चीनने उत्तरादाखल अमेरिकी मालावर १२५ टक्के कर लावला. मे महिन्यात जिनिव्हात बोलणी झाली आणि दोघांनीही कर खाली आणले.

पण त्याआधी मार्चमध्येच चीनने अमेरिकेच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. अमेरिकी सोयाबीनवर १० टक्के, तर कापूस, गहू, मका यांवर १५ टक्के जादा कर त्याने लावला. अमेरिकेतलं नवं पीक निघालं तेव्हा चीनने खरेदीच थांबवली. सप्टेंबरमध्ये चीनमध्ये अमेरिकी सोयाबीनची आयात शून्य होती.

३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले. चीन वर्षअखेरपर्यंत १.२ कोटी टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी २.५ कोटी टन सोयाबीन घेईल, असं अमेरिकेने जाहीर केलं. तरीही २०२५ च्या अखेरीस चीनमध्ये अमेरिकी सोयाबीनवर १३ टक्के कर होता आणि ब्राझीलच्या सोयाबीनवर ३ टक्केच.

सगळं सोयाबीनवरच का अडतं?

गंमत म्हणजे सोयाबीन मूळचं चीनचंच. टोफू, सोया सॉस हे हजारो वर्षांच्या तिथल्या जेवणातले पदार्थ. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२९ ते १९३१ या काळात माणसं पाठवून चीन, जपान, कोरियातून वाण गोळा केले आणि पुढे याच पिकावर आयोवा, इलिनॉय ही राज्यं उभी राहिली.

चीनची भूक बदलली ती सुबत्ता आल्यावर. चिनी लिपीत 'घर' या शब्दाचं चिन्ह म्हणजे छपराखाली डुक्कर. जगातलं जवळपास निम्मं डुकराचं मांस एकटा चीन खातो. त्या डुकरांना आणि कोंबड्यांना प्रथिनं हवीत, ती येतात सोयापेंडीतून. भात आणि गहू घरचाच पाहिजे, हा चीनचा नियम. सोयाबीन मात्र त्याने बाहेरून आणायचं ठरवलं. आज तो वर्षाला १० कोटी टनांहून अधिक सोयाबीन आयात करतो. भारताचं सगळं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आसपास आहे.

एवढं मोठं गिऱ्हाईक रुसलं की विकणाऱ्याचं काय होतं, हे अमेरिकेने २०१८ मध्येही पाहिलं. तेव्हा चीनने २५ टक्के कर लावला आणि मोर्चा ब्राझीलकडे वळवला. तो पूर्णपणे परत आलाच नाही. २०१६ मध्ये चीनच्या सोयाबीन आयातीत अमेरिकेचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो २१ टक्क्यांवर आला.

खर्च करणारा समाज, साठवणारा समाज

या व्यापाराच्या मुळाशी दोन समाजांच्या सवयी आहेत. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा दोन तृतीयांशाहून मोठा हिस्सा लोकांच्या घरखर्चातून येतो, चीनमध्ये तो ४० टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकी कुटुंब हाती आलेल्या १०० डॉलरमागे जेमतेम ४-५ डॉलर शिल्लक टाकतं, क्रेडिट कार्डावर घेतं आणि हप्ते फेडतं. चिनी कुटुंब साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढतं. चीन बनवतो जास्त आणि वापरतो कमी. उरलेला माल जातो अमेरिकी दुकानांत.

चिनी माणूस स्वभावानेच काटकसरी आणि अमेरिकी माणूस उधळा, असं सरसकट म्हणणं मात्र सोपं उत्तर झालं. चीनमध्ये १९५८ पासून 'हुकोउ' नावाची नोंदणी पद्धत आहे. माणसाची नोंद ज्या गावची, तिथेच त्याला शाळा, दवाखाना, पेन्शनचा हक्क. गाव सोडून कामाला गेलेल्या मजुरांची संख्या तिथे ३० कोटींच्या घरात आहे. शहरं त्यांनी बांधली, पण अनेकांची मुलं गावाकडे आजी-आजोबांजवळ वाढली. आजारपण, मुलांचं शिक्षण, म्हातारपण हे सगळं स्वतःच्या खिशातून करायचं, म्हणून पैसा साठवायचा.

बीडच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलं कुठे हंगामी वसतिगृहात, कुठे आजीजवळ. भिशी, बचत गट, गळ्यातलं डोरलं हाच इथला विमा. आणि ज्या पतसंस्थांवर विश्वास टाकला, त्यातल्या काहींत जिल्ह्यातल्या हजारो ठेवीदारांचा पैसा अडकला. पाठीशी कुणी नसलं की माणूस साठवतो, मग तो चीनमधल्या खेड्यातला असो की धारूरच्या डोंगरपट्ट्यातला.

झळ बीडपर्यंत कशी पोचते?

तीन वाटांनी.

पहिली वाट सोयापेंडीची. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, उरलेला मोठा भाग पेंडीचा. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. अमेरिकेला चीनचं गिऱ्हाईक मिळेना, की तिथल्या मालाचा भाव शिकागोच्या बाजारात दबतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, १० ते साडेअकरा डॉलर असा भाव होता. क्विंटलला हिशोब बसतो साधारण ३,३०० ते ३,८०० रुपये. जगात कच्चा माल इतका स्वस्त असताना भारतीय पेंड निर्यातीत महाग पडते आणि प्रक्रिया कारखाना हमीभावाने खरेदी करायला तयार होत नाही.

दुसरी वाट तेलाची. भारत निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. सोयातेल येतं मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचा एकूण आयात कर २७.५ टक्के केला होता, मे २०२५ च्या अखेरीस तो १६.५ टक्क्यांवर आणला. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, पण सोयाबीन उत्पादकाच्या भावाचा आधार तेवढा कमी झाला.

तिसरी वाट कापसाची, म्हणजे गेवराई, माजलगाव, वडवणीची. चीनने कर लावल्यावर अमेरिकी कापसालाही दुसरं गिऱ्हाईक हवं होतं. त्याच सुमारास, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लागू केला. कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला आणि ही सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका इथला कापूस वेचणीला येत असताना परदेशी गाठींना दार उघडं राहिलं. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. त्या भावासाठी शेतकऱ्याला सीसीआयच्या केंद्राचीच वाट धरावी लागली.

अर्थात सगळं खापर ट्रम्प आणि शी यांच्यावर फोडता येणार नाही. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवताना उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्त मिळतो, त्याने देशातच सोयापेंडीची मागणी खाल्ली आहे. उत्पादकतेचं दुखणं तर जुनंच. आपल्याकडे हेक्टरी सुमारे १ टन सोयाबीन निघतं, अमेरिकेत सव्वातीन टनांच्या वर.

मग आपणच चीनला सोयाबीन का विकत नाही?

हा प्रश्न २०२५ मध्ये सोशल मीडियावर बऱ्याचदा विचारला गेला. त्याचं उत्तर वरच्या आकड्यांत आहे. भारताचं सोयाबीन बिगर-जीएम आहे, पण चीन गाळपासाठी घेतो तो ब्राझील-अमेरिकेचा स्वस्त जीएम माल. आपला हमीभाव जागतिक भावापेक्षा बराच वर असल्याने तिथे आपण टिकत नाही. आणि देशातलं बहुतांश सोयाबीन देशातच लागतं.

पण दार पूर्ण बंद आहे असंही नाही. मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या मोहरीवर्गीय पेंडीवर १०० टक्के कर लावला आणि ती जागा भारतीय मोहरीच्या पेंडीने काही प्रमाणात भरली. दुसऱ्यांच्या भांडणात संधी असते. ती मिळते भाव परवडणाऱ्याला आणि माल वेळेत पोचवणाऱ्याला.

फटका शेवटी कोण सोसतं?

तिन्ही ठिकाणचा खरा फरक इथे दिसतो.

अमेरिकेत सरकारी तिजोरी सोसते. २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरची मदत तिथल्या शेतकऱ्यांसाठी जाहीर झाली. २०२५ मध्ये ८ डिसेंबरला पुन्हा १२ अब्ज डॉलरची घोषणा झाली. मदतीपेक्षा बाजार परत मिळवून द्या, असं तिथल्या शेतकरी संघटना म्हणतात. तरी पेरणीआधी हाती काहीतरी पडणार, एवढं त्यांना ठाऊक असतं. शेतकरी तिथे संख्येने थोडे, सरासरी शेत ४६० एकरांच्या वर, पण त्यांचा राजकीय आवाज मोठा.

चीनमध्ये सरकारी कंपन्या सोसतात. कोफ्को आणि सायनोग्रेन या कंपन्या सरकार सांगेल तेव्हा खरेदी थांबवतात, सांगेल तेव्हा महाग मालही घेतात आणि गोदामं भरून ठेवतात. २०२३ मध्येच चीनने पशुखाद्यातलं सोयापेंडीचं प्रमाण २०२५ पर्यंत १३ टक्क्यांखाली आणण्याचा आराखडा केला होता. भांडण पेटण्याआधीच पाणी भरून ठेवण्याचा हा प्रकार.

बीडमध्ये सोसतो तो शेतकरी. कागदावर हमीभाव आहे, पण तो मिळण्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, मग केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट. राज्यात २०२५ मध्ये हमीभाव खरेदी सुरू झाली १५ नोव्हेंबरपासून. दिवाळी त्याआधीच होऊन गेली होती. कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने, रब्बीचं बियाणं यांना तोवर थांबता येत नाही. भिजलेलं सोयाबीन मीटरवर १५-१६ टक्के ओलावा दाखवतं आणि शेतकरी तीच गोणी घेऊन मोंढ्यात जातो.

हिशोब साधा आहे. हमीभावापेक्षा क्विंटलला हजार रुपये कमी मिळाले आणि माल २० क्विंटल असला, तर २० हजार रुपये गेले. दोन-तीन एकरवाल्या घरात हा आकडा मुलीची फी भरायची की यंदा कोयता घ्यायचा, हे ठरवतो.

पुढे काय पाहायचं?

• कापसावरच्या आयात कराची सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. असा कर लागतो की सवलत मिळते, यावर घरात साठवलेल्या कापसाचा भाव अवलंबून राहतो.

• चीन बुसानच्या आश्वासनाप्रमाणे खरेदी करतो का? २०२० च्या करारातलं खरेदीचं उद्दिष्ट पूर्ण झालं नव्हतं. या वेळी ते झालं, तर शिकागोचा भाव सावरायला मदत होईल. पण फेब्रुवारीपासून ब्राझीलचं नवं पीक बाजारात येतं.

• २०२५ मधल्या भारत-अमेरिका व्यापार बोलण्यांत शेतीमाल हा कळीचा मुद्दा होता. अमेरिकेला मका आणि सोयाबीनसाठी भारताचा बाजार हवा होता. जीएम सोयापेंडीला आपण एकदा दार उघडलेलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोल्ट्री उद्योगासाठी १२ लाख टन आयातीला परवानगी दिली गेली होती.

• सोयाबीन घरात ठेवलं असेल, तर ते नीट वाळवून ओलावा १२ टक्क्यांखाली आणणं आणि नोंदणीचा मेसेज न चुकवणं, एवढंच शेतकऱ्याच्या हातात आहे.

वॉशिंग्टन आणि बीजिंग भांडतील आणि पुन्हा हातही मिळवतील. त्या भांडणाची किंमत मोजायला एकाकडे तिजोरी आहे, दुसऱ्याकडे गोदाम. खरेदी केंद्र पेरणीच्या घाईला नव्हे, काढणीच्या वेळेला सुरू व्हावं आणि भिजलेल्या मालासाठी वाळवणीची सोय तालुक्यातच असावी, एवढी तयारी इथेही करता येण्यासारखी आहे. त्यासाठी बुसानची वाट पाहावी लागत नाही.