विश्लेषण : ‘लॉगआउट’ दाबूनही खाते उघडेच का राहते?

समजा, एका तालुक्याच्या गावातले वाचनालय आहे. सभासदांची नावे, मोबाइल क्रमांक, वर्गणी, कोणाकडे कोणते पुस्तक आहे, हे सगळे एका संकेतस्थळावर ठेवलेले. टेबलावर संगणक एकच आणि त्यावर दोन-तीन जण आळीपाळीने बसणार. संध्याकाळी ग्रंथपालबाई ‘लॉगआउट’वर क्लिक करतात. नेहमीचे निरोपाचे पान येत नाही. ‘४०५’ असा कसलासा आकडा येतो. नेट गेले असेल, असे समजून त्या ब्राउझर बंद करतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत जो बसेल, त्याच्यासमोर त्यांचेच खाते उघडे असते. पासवर्ड चोरीला गेलेला नाही, कोणी हॅकर आलेला नाही. काही वर्षांपूर्वी संकेतस्थळ बनवणाऱ्याने एका फाइलची नक्कल करून ठेवली होती, एवढेच.

प्रसंग कल्पित आहे, बिघाड मात्र खरा आहे. ‘जँगो’ या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या ज्या संकेतस्थळांनी नवी आवृत्ती घेतली, पण व्यवस्थापन-पानाची जुनी नक्कल तशीच ठेवली, तिथे हे घडते. त्यामागचे कारण समजायला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

जँगो म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या संकेतस्थळाचे काम करताना एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ च्या सुमारास ही चौकट तयार करायला घेतली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. इन्स्टाग्रामची उभारणीही याच चौकटीवर झाली. वृत्तपत्रात जन्म झाल्याच्या खुणा तिच्यात आजही दिसतात. बातमी भरणारा वेगळा, पानाची मांडणी करणारा वेगळा; मांडणी बदलताना प्रोग्रामरच्या पाया पडावे लागू नये, अशी तिची रचना आहे. पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, त्यासाठीच स्वतंत्र फाइलमध्ये असतो.

साचा म्हणजे लग्नपत्रिकेच्या छापखान्यातला नमुना. वर गणपती, भोवती वेलबुट्टी, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आधीच जुळवलेले. वधू-वरांची नावे, मुहूर्त आणि स्थळ यांच्या जागा रिकाम्या. दर लग्नाला नवी माहिती तेवढी भरायची. जँगोसोबत असे कितीतरी नमुने तयार येतात. लॉगइनचे पान, पासवर्ड बदलण्याचे पान, आणि संकेतस्थळाचा कारभार जिथून चालतो ते ‘अ‍ॅडमिन’.

साचा सापडतो कसा?

पान दाखवायची वेळ आली की जँगो साचा नावाने मागते आणि ठरलेल्या क्रमाने शोधते. आधी प्रकल्पाने स्वतः नेमून दिलेले फोल्डर. तिथे नसेल तर सेटिंगच्या यादीत नोंदलेली एकेक ‘अ‍ॅप’, यादीत ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने. प्रत्येक अ‍ॅपच्या टेम्प्लेट-फोल्डरमध्ये डोकावायचे आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की थांबायचे. ती चांगली की वाईट, नवी की जुनी, हा प्रश्नच विचारला जात नाही. जी आधी सापडली तीच खरी.

या साध्या नियमात मोठे औदार्य आहे. जँगोचे मूळ पान आवडले नाही, तर मूळ फाइलला हात लावायची गरज नाही. त्याच नावाची फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेवली की शोध तिथेच संपतो आणि मूळ पान मागे राहते. उद्या जँगोची नवी आवृत्ती बसवली तरी आपली फाइल पुसली जात नाही. दुसऱ्याच्या घरात भिंत न पाडता आपला पडदा लावता यावा, तशी ही सोय.

नवशिके मात्र क्रमामुळे हमखास ठेचकाळतात. लॉगआउटनंतरचे निरोपाचे पान कोणी आपल्या अ‍ॅपमध्ये मराठीत लिहितो आणि पडद्यावर मात्र अ‍ॅडमिनचेच पान येत राहते. कारण त्या नावाची फाइल अ‍ॅडमिनकडेही असते आणि नव्या प्रकल्पाच्या यादीत अ‍ॅडमिनचे नाव सर्वात वर असते. आपले अ‍ॅप त्याच्या वर नेले की प्रश्न सुटतो. ‘इंडेक्स’ असे सरधोपट नाव दोन अ‍ॅपनी वापरले तरी हाच घोटाळा होतो. म्हणून टेम्प्लेट-फोल्डरच्या आत पुन्हा अ‍ॅपच्या नावाचे फोल्डर करण्याची पद्धत पडली आहे. ती विचित्र दिसते, पण पाळलेली बरी. साचा कुठेच सापडला नाही, तर विकासाच्या अवस्थेत जँगो एक लांबलचक पान दाखवते. कुठे कुठे शोधले, कोणत्या क्रमाने शोधले, याचा तो पंचनामाच असतो. घाबरून ते पान बंद करणाऱ्यांनी एकदा ते वाचावे. उत्तर बहुधा तिथेच असते.

मग ‘४०५’ कुठून आले?

पूर्वी जँगोत ‘लॉगआउट’ ही साधी लिंक होती. पत्ता उघडला की माणूस बाहेर. यात धोका होता. दुसऱ्या कोणत्याही पानावर तो पत्ता लपवून ठेवला, तर माणूस नकळत बाहेर फेकला जाऊ शकत होता. पाने आधीच आणून ठेवणाऱ्या ब्राउझरमुळेही तसे होण्याची शक्यता होती. म्हणून ऑगस्ट २०२२ मधल्या ४.१ आवृत्तीत लिंकच्या जागी बटण आले. ते दाबले की लॉगआउटची विनंती फॉर्मसारखी पाठवली जाते आणि ती याच संकेतस्थळावरून आल्याची खूण पटवणारा गुप्त शब्द सोबत जातो. जुनी पद्धत काही काळ चालू ठेवली गेली. डिसेंबर २०२३ मधल्या ५.० आवृत्तीत ती बंद झाली. आता नुसता पत्ता उघडला तर उत्तर येते ‘४०५’, म्हणजे ही पद्धत चालत नाही.

जँगोने स्वतःच्या अ‍ॅडमिन-साच्यात हा बदल केलाच. पण ज्यांनी तो सगळा साचा आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतला होता, त्यांच्याकडे शोध पहिल्याच थांब्यावर संपतो. तिथे जुनी लिंक तशीच आहे. खालचे इंजिन नवे, वरचे पान जुने. लॉगआउट होत नाही आणि खाते चालू राहते. किती वेळ? वेगळे काही ठरवले नसेल, तर जँगोतले लॉगइन दोन आठवडे टिकते आणि ब्राउझर बंद केल्यानेही संपत नाही. वाचनालयाच्या त्या टेबलावर दोन आठवड्यांत किती जण बसून जातात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

चूक कोणाची?

प्रोग्रामरचा आळस, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते पूर्ण खरे नाही. संपूर्ण नक्कल करणे ही एकेकाळी जवळपास सक्तीच होती. त्याच नावाचा मूळ साचा आधार म्हणून घ्यायचा आणि त्यातला एखादाच कप्पा बदलायचा, हे जँगोत डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीपासून शक्य झाले. त्याआधी असा प्रयत्न केला की साचा स्वतःलाच बोलावत बसे. जुन्या प्रकल्पांत सगळी फाइल उचलण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

जँगोचा अधिकृत धडाही या सवयीला थोडाफार जबाबदार आहे. अ‍ॅडमिनचे शीर्षक बदलायला तो एक साचा उतरवून घ्यायला शिकवतो. तो साचा मुद्दाम लहान ठेवलेला, मोजक्या ओळींचा आहे, आणि केवळ नाव बदलायचे असेल तर एका ओळीची सेटिंग पुरते, हेही तोच धडा सांगतो. पण शिकणाऱ्याच्या लक्षात राहते ती कृती : फाइल उचला, आपल्याकडे चिकटवा, हवे ते बदला. पुढे तीच कृती मोठ्या साच्यावर होते. एका बोधचिन्हासाठी अख्खे पान उतरवले जाते आणि त्यासोबत लॉगआउटची लिंकही नकळत घरी येते.

जँगोने इशारा दिला नाही, असेही नाही. ४.१ आणि ४.२ मध्ये जुन्या पद्धतीने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वेळी सूचना निघत होती. मात्र या जातीच्या सूचना पायथन भाषा सहसा दडवूनच ठेवते. मुद्दाम मागितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. कुलूपबंद कपाटात लावलेली ती नोटीस होती. याबाबतीत वर्डप्रेसवर दुकाने चालवणारे ‘वूकॉमर्स’ पुढे आहे. त्याच्या प्रत्येक साच्याच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो आणि दुकानदाराने केलेली नक्कल जुनी झाली की स्थितीदर्शक पानावर तसे स्पष्ट दिसते. जँगोत अशी सोय अंगभूत नाही. वीस वर्षे वापरात असलेल्या चौकटीत ती असायला हवी. पहिली सापडलेली फाइल मुकाट्याने स्वीकारायची हा नियम ठीक. पण तिच्यामागे एक नवी फाइल झाकली गेली आहे, एवढे सांगायला काय हरकत आहे?

नक्कल न करता बदल कसा करायचा?

लग्नपत्रिकेचेच उदाहरण घ्यायचे तर, स्थळ बदलले म्हणून कोणी गणपतीपासून सगळी पत्रिका पुन्हा जुळवत नाही. मूळ साचा आधाराला घ्यायचा आणि बदलायचा तेवढाच कप्पा, म्हणजे ‘ब्लॉक’, आपल्या फाइलमध्ये लिहायचा. बाकी सगळे मूळ साच्यातून येत राहते. तिथे दुरुस्ती झाली की इथेही ती आपोआप पोहोचते. आपली फाइल चार-पाच ओळींची राहते आणि नव्या माणसालाही एका नजरेत कळते.

इथेही एक खाचखळगा आहे. लॉगआउटचे बटण अ‍ॅडमिनच्या वरच्या पट्टीतल्या एका ब्लॉकमध्ये असते. तिथे ‘मदत’ अशी एक लिंक वाढवण्यासाठी कोणी तो ब्लॉक पूर्ण लिहून काढला, तर नकलेचा जुनाच रोग लहान आकारात परत येतो. अशा वेळी ब्लॉकमधला मूळ मजकूर ‘ब्लॉक डॉट सुपर’ या दोन शब्दांनी जसाच्या तसा मागवता येतो आणि आपली लिंक त्याच्या पुढे-मागे जोडता येते. बऱ्याच जणांना हे दोन शब्द माहीतच नसतात.

एक अपवाद सांगायला हवा, कारण तो डोके खातो. फॉर्ममधल्या चौकटींचे साचे मूळ व्यवस्थेत प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शोधलेच जात नाहीत. त्यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते आणि जँगोच्या फॉर्म्सचे नाव अ‍ॅपच्या यादीत घालावे लागते. शोधाचा एक नियम शिकवायचा आणि फॉर्मच्या दाराशी तो बदलायचा, हे जँगोसारख्या नेटक्या चौकटीला शोभत नाही.

हे सगळे आत्ताच का महत्त्वाचे? ४.२ ही दीर्घकालीन साथ असलेली आवृत्ती होती आणि तिची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. आजवर तिच्यावर थांबलेल्या संकेतस्थळांना पाचव्या मालिकेत जावेच लागते, आणि जुनी लिंक अडते ती नेमकी याच उंबरठ्यावर. काम करून देणारा ‘अपग्रेड झाले’ म्हणून बिल पाठवतो. मुखपृष्ठ उघडते, लॉगइन होते, नोंदी दिसतात. चाचणी करणारा लॉगआउट करून पाहीलच असे नाही.

संस्थेच्या माणसाने बिल चुकते करण्याआधी ते बटण स्वतः दाबून पाहावे आणि मग मागे जाऊन पान पुन्हा उघडावे. आणि जिथे अपग्रेड होऊन महिने लोटले आहेत, तिथे सर्व्हरच्या नोंदवहीत लॉगआउटच्या पत्त्यापुढे ‘४०५’ हा आकडा शोधायला सांगावे. तो किती वेळा आणि कोणत्या तारखांना दिसतो, ते तिथे लिहिलेले असते.