ओढणं आणि पेलणं

मराठीत 'ओढणं' आणि 'पेलणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवल्यावर एवढं ठामपणे सांगायचा अधिकार मला आहे असं मी समजते. पण इकडे अमेरिकेत ट्रक विकणारे आणि ट्रक घेणारे या दोघांनी मिळून त्यांचा पार काला करून टाकला आहे, आणि आपली मराठी मंडळीही त्यात मागे नाहीत. आजचं लिखाण त्यावर आहे, आणि ते जरा रागानेच लिहिलेलं आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको.

तिकडच्या नातेवाईकांसाठी आधी थोडा खुलासा. इथे 'ट्रक' म्हणजे आपली मालट्रक नव्हे. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ती गाडी. आणि ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, संडास-बाथरूम सगळं आत. स्वतःचं इंजिन मात्र नाही. ट्रकच्या मागच्या गोळ्याला अडकवायचा आणि डोंगरात घेऊन जायचा. आमचे चिरंजीव डेन्व्हरजवळ राहतात. गेल्या वर्षभरात त्यांच्या चार मित्रांनी हे प्रकरण घेतलं, त्यामुळे आता आमच्याकडेही तोच विषय. ट्रेलर पसंत करून झाला. राहिला ट्रक. तोही जवळजवळ ठरलाच होता, तेव्हा मी मध्ये पडले.

ट्रकच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो. हा ट्रक ११,००० पौंड ओढतो, तो १३,००० ओढतो. विक्रेत्याने तोच आकडा तीन वेळा ऐकवला. "तुमचा ट्रेलर भरला तरी सात हजार. म्हणजे चार हजार शिल्लकच!" चिरंजीव खूश. इंजिनियर मुलगा, पण खूश झाला की वजाबाकी विसरतो, हे मी त्याला दुसरीपासून बघते आहे.

मी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचलं. पिवळा-पांढरा छोटासा कागद असतो, टायरमधल्या हवेचे आकडे असतात तोच. त्यावर लिहिलेलं असतं की या गाडीत बसणारी माणसं आणि सामान यांचं एकूण वजन अमुक पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये. इथे त्याला पेलोड म्हणतात. हा झाला पेलण्याचा आकडा. आमच्या पसंतीच्या ट्रकचा तो निघाला १,४८०. माहितीपत्रकातला आकडा वेगळा आणि मोठा असतो, कारण तो त्या जातीच्या सगळ्यात साध्या, सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. दारातला आकडा त्या एका गाडीचा असतो, तिच्यात कारखान्यातून बसवून आलेल्या वस्तू धरून. गंमत अशी, की छताला काच, गरम होणाऱ्या कातडी खुर्च्या, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या असं एकेक वाढत गेलं की गाडीचं स्वतःचं वजन वाढतं आणि पेलायची ताकद तेवढी घटते. महागडा ट्रक जास्त सोसेल ही समजूत उलटी आहे.

आता ट्रेलरचा भार ट्रकवर कसा येतो ते बघा. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही. त्याचं नाक ट्रकवर टेकलेलं असतं, आणि सुरक्षित चालायचं तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन त्या नाकावर यावं लागतं. ते ट्रकच्या पेलोडमध्ये मोजायचं. आमचा ट्रेलर कागदावर ५,८०० पौंडांचा आहे, पण तो रिकामा. टाकीत पन्नास गॅलन पाणी भरलं की तेच चारशे पौंडांच्या वर जातं. शिवाय गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणं, खाणंपिणं. सात हजार धरा. त्याचे तेरा टक्के ९१०. जोडणीची लोखंडी यंत्रणा ९०. झाले हजार. आता माणसं: चिरंजीव १८०, सूनबाई १४०, नातू ८०, आमचे हे १५५, मी १२५. ही झाली ६८०. हौद्यात सायकली, जनरेटर, जळण, बर्फाची पेटी म्हणून २०० धरले. एकूण १,८८०. दारावर लिहिलेले १,४८०. चारशे पौंड जास्त!

"आई, तुम्ही दोघं विमानाने या," असं चिरंजीव म्हणाले (थट्टेत; निदान मी तसं धरलं). आम्ही दोघं वगळलो तरी १,६०० होतात. गणित माझ्या वजनावर अडलेलं नाही.

आणि तो ११,००० चा आकडा? तेवढा ट्रेलर खरंच लावला तर तेरा टक्क्यांनी नाकावरच १,४३० पौंड येतील. जोडणीचे नव्वद मिळवले की १,५२०. म्हणजे ड्रायव्हर बसायच्या आधीच ट्रक भरून वाहिला. मग चालवायचा कुणी? विक्रेत्याला मी हे विचारलं. तो हसला आणि म्हणाला की इथे सगळे असेच ओढतात, काही होत नाही.

कंपन्या अगदी खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पूर्वी ज्याला जो वाटेल तो आकडा छापायचा. २००८ साली एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाची ओढण्याची परीक्षा ठरवली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली. अॅरिझोनात डेव्हिस डॅमचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ आहे. भर उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवून ट्रकने तो ठरावीक वेगाच्या खाली न येता चढायचा. चांगली परीक्षा आहे. पण त्या परीक्षेत ट्रकमध्ये माणसं किती धरलेली असतात? दोन. प्रत्येकी १५० पौंड. नातू नाही, सायकली नाहीत, लोणच्याची बरणी नाही. पेपर सोडवला तो एका विषयाचा आणि गुणपत्रिका दाखवायची दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

"बरं, नाकावर कमी वजन येऊ दे, सामान मागच्या बाजूला भरू," ही सुचवणी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. सुचवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, ते दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतात. त्यांना मी बैलगाडीची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी गाडीत पोती रचताना गाडीवान दोन शब्द सारखे वापरायचा. पुढे भार जास्त झाला की गाडी 'धुरजड', सगळं ओझं बैलांच्या मानेवर. मागे जास्त झाला की गाडी 'उलाळ', जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून पोती रचून झाल्यावर तो जू हाताने उचलून बघायचा. अंगठेबहाद्दर माणूस, पण त्याला हे कळत होतं. नाकावरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्क्यांचा नियम म्हणजे हेच, फक्त बैलाच्या जागी ट्रक. ट्रेलर उलाळ झाला तर ताशी साठ मैलांच्या वेगात तो नुसता वर उचलला जात नाही, शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. बाजूने मोठा मालट्रक हवा कापत गेला की एवढं निमित्त पुरतं. वेग जितका जास्त तितकं झुलणं आवरायला कठीण, आणि ट्रक हलका असेल तर तो झोका ट्रकलाच फिरवतो. अशा वेळी घाबरून ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नसतो. पाय वर घ्यायचा, सुकाणू सरळ धरायचं आणि डॅशबोर्डाच्या खालच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. हे त्या चार मित्रांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मी विचारलं. एकाला.

दुसरा युक्तिवाद जोडणीचा. वजन वाटून देणारी हिच मिळते, तिच्या पोलादी पट्ट्या मागचा थोडा भार ट्रकच्या पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. वस्तू उत्तम आहे, घ्यायलाच हवी. मागे जास्त वजन आलं की ट्रकचं तोंड वर होतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. सुकाणू त्याच चाकांना, आणि ब्रेकचं पुष्कळसं कामही त्यांच्याकडे. हिचमुळे हे बरंच सुधारतं. पण तिने दारावरचा आकडा बदलत नाही. ट्रेलरच्या चाकांकडे परत जाणारा भार थोडा असतो, आमचा चारशे पौंडांचा खड्डा त्याने भरत नाही. स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या घालणाऱ्यांचंही तेच. गाडी सपाट दिसते, वजन आहे तेवढंच राहतं.

आणि ज्या रस्त्यावर हे जाणार तो रस्ता कुठला? डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० ने निघालं की आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्याही वर आहे. महाबळेश्वर साडेचार हजार, यावरून कल्पना करा. तिथे हवा विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. पण चढाची मला भीती नाही. चढावर ट्रक फार तर रडतरखडत जाईल. उताराचं काय? बोगद्यापलीकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार मैलोन् मैल आहे. आपल्या घाटात एसटीचा ड्रायव्हर ज्या गियरमध्ये चढ चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, ते उगीच नाही. ब्रेकवरच पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. अशा रस्त्यावर विचारायचा प्रश्न हा, की चौदा हजार पौंडांचा संसार हा ट्रक थांबवेल का. जाहिरातीत त्याला मोठी अक्षरं नाहीत.

या सगळ्यासाठी परवाना कुठला लागतो म्हणाल, तर रोज भाजी आणायला जाता तोच. युरोपीय संघात ७५० किलोच्या वरचा ट्रेलर असेल आणि जोडीचं कमाल वजन ३,५०० किलोच्या पुढे गेलं, तर साध्या परवान्यावर भागत नाही. इथे आमचा सात हजार पौंडांचा ट्रेलर, म्हणजे ३,१०० किलोच्या वर, पहिल्याच दिवशी कुणीही जोडून महामार्गावर नेऊ शकतो. "अमेरिकेत सगळं नियमाने चालतं" असं तिकडे ऐकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग घ्यावं काय? माझं मत विचाराल तर दोनच वाटा आहेत. या ट्रेलरला आणि या माणसांना ट्रकची वरची इयत्ता लागेल. म्हणजे इथे ज्याला पाऊण टनी म्हणतात तो, एफ-२५० किंवा २५०० अशा क्रमांकांचा. ही टनांची नावं जुनी आहेत, आज खरे आकडे त्याहून पुष्कळ मोठे, पण वर्गवारी तीच. त्यातही डिझेल म्हणजे जास्त ताकद म्हणून धावू नका. डिझेल इंजिन स्वतःच जड, त्यामुळे तोच ट्रक पेट्रोलचा घेतला तर पेलोड बरेचदा कितीतरी जास्त मिळतो. तिथेही दारातलं स्टिकर वाचायचंच. सूनबाईंचं म्हणणं, तो ट्रक रोज ऑफिसला न्यायला धिप्पाड, दणके देणारा, गॅरेजात न मावणारा. अगदी खरं आहे. मग दुसरी वाट: ट्रक हाच ठेवा, ट्रेलर लहान घ्या. भरून चार-साडेचार हजार पौंडांचा. स्नानगृह लहान, पलंग एक कमी. म्हणजे आम्ही दोघांनी बाहेर तंबूत झोपायचं. आम्ही स्काउटच्या शिबिरांत आयुष्यभर झोपलो आहोत. मला ही दुसरी वाट जास्त पटते. पण घरात मोठा ट्रेलर आणि लहान ट्रक या जोडीचाच मोह आहे, कारण मोठा ट्रेलर फोटोत चांगला दिसतो आणि लहान ट्रकचा हप्ता कमी बसतो.

ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही. त्यांनी एक काम करावं. मोठ्या महामार्गांवर मालट्रकवाले थांबतात तिथे वजनकाटे असतात. सगळी माणसं, सामान, भरलेलं पाणी यांसकट एकदा त्यावर जोडी उभी करा. पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं, अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मग दारात लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. जेवणाला लागतात त्याहून कमी पैसे लागतात. मंडळाच्या गणपतीत मी हे सांगितलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आकडा जास्त आला तर उगीच झोप उडेल." झोप उडू नये म्हणून वजनच न करणं, हे मला वर्गातल्या पोरांकडून चाललं नसतं.

आमच्याकडे अजून सही झालेली नाही. शनिवारी पुन्हा जायचं आहे, स्टिकर वाचायला मी बरोबर असणार आहे, चष्मा आणि वही घेऊन. तुमच्यापैकी कुणी घ्यायच्या बेतात असेल तर ट्रकच्या दारातल्या स्टिकरचा फोटो, ट्रेलरचं कागदावरचं कमाल वजन आणि घरातल्या माणसांची खरी वजनं कळवा. बेरीज मी करून देईन. वजनं मात्र खरी हवीत, लग्नातली नकोत.