विश्लेषण: गाडी, पूल, विमानाची मजबुती जोखणारी सॉफ्टवेअर मोजक्या हातांत! मोफत पर्याय कितपत भरवशाचे?

अमेरिकेतील सिनॉप्सिस कंपनीने जुलै २०२५ मध्ये ‘अ‍ॅन्सिस’ ताब्यात घेतली. सौदा सुमारे ३५ अब्ज डॉलरचा. त्याआधी मार्चमध्ये सीमेन्सने ‘अल्टेअर’ सुमारे १० अब्ज डॉलरना विकत घेतली होती. ही नावे सामान्यांच्या कानावर फारशी पडत नाहीत. पण गाडीच्या चासीपासून विमानाच्या पंखापर्यंत बरेच काही अशाच सॉफ्टवेअरमधून तपासून पुढे जाते.

हे सॉफ्टवेअर करते काय?

‘फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस’, म्हणजेच एफईए. एखादा भाग संगणकावर हजारो-लाखो लहान तुकड्यांत विभागतात. या जाळ्याला ‘मेश’ म्हणतात. प्रत्येक तुकडा भाराखाली किती वाकेल याची समीकरणे मांडून ती एकत्र सोडवली जातात. भाग कुठे तुटू शकतो, याचा अंदाज तो घडवण्याआधीच येतो.

मग पैसे कशाचे?

गणित कोणाच्याच मालकीचे नाही. ‘नॅस्ट्रान’ तर १९६० च्या दशकात नासाने, म्हणजे अमेरिकी करदात्यांच्या पैशातून तयार करून घेतले. पुढे त्याची व्यावसायिक आवृत्ती विकणाऱ्या एमएससी कंपनीने १९९९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी विकत घेतले. स्पर्धाच संपते म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २००२ मध्ये एमएससीला आपल्या सॉफ्टवेअरची प्रत सोर्स कोडसह इतरांना द्यायला लावली. सीमेन्स आज विकते ते नॅस्ट्रान याच वाटेने आलेले.

पैसे मोजले जातात ते मेश झटपट करून देणाऱ्या साधनांसाठी, भाग एकमेकांवर घासण्या-आदळण्याची किचकट गणिते न अडकता सुटावीत यासाठी आणि अडल्यास कंपनीकडून मदत मिळावी म्हणून. शिवाय मोठा ग्राहक अमुकच सॉफ्टवेअरची फाइल मागतो, तेव्हा चाकण-भोसरीतल्या लहान डिझाइन कंपनीपुढे निवड उरत नाही. खरी अडचण बहुधा हीच.

मोफत म्हणजे कच्चे?

नाही. ‘कोड अ‍ॅस्टर’ हे फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीचे. अणुवीज प्रकल्प चालवणाऱ्या या कंपनीने ते २००१ मध्ये सर्वांना खुले केले. मात्र त्याची माहितीपत्रके मुळात फ्रेंचमध्ये, त्यामुळे शिकताना दमछाक होते. ‘कॅल्क्युलिक्स’ जर्मनीतील विमान इंजिन कंपनी एमटीयूच्या अभियंत्यांनी लिहिले. त्याच्या फाइलची मांडणी महागड्या ‘अबॅकस’सारखी असल्याने एकावरून दुसऱ्यावर जाणे तुलनेने सोपे. फ्रीकॅडमधूनही ते वापरता येते.

उलट महाग सॉफ्टवेअर म्हणजे बिनचूक उत्तर, हाही भ्रमच. नॉर्वेतील ‘स्लाइपनर ए’ या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया ऑगस्ट १९९१ मध्ये चाचणीदरम्यान बुडाला. आकडेमोड नॅस्ट्रानवरच झाली होती. पण मेश सदोष होता आणि काही भिंतींवरचा कातरबलाचा ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला. जीवितहानी झाली नाही, एवढेच.

कंपन्या विकल्या जाताना ग्राहकाचे काय होते, याची परीक्षा आता ‘ओपनरेडिऑस’वर होईल. गाड्यांच्या धडकेचे गणित करणारे हे सॉफ्टवेअर अल्टेअरने २०२२ मध्ये खुले केले. अल्टेअर आता सीमेन्सची आहे. पुढच्या सुधारणा किती मिळतील हे नव्या मालकाच्या हाती. आजवर खुला झालेला कोड मात्र परत घेता येणार नाही.