पंख्यावाचून चाललेले जहाज

१९९२ साली जपानच्या कोबे बंदरात ‘यामातो-१’ हे जहाज पाणी कापणाऱ्या पंख्यावाचून चालले. अतिशीत केलेल्या चुंबकांमधून खारे पाणी वाहत होते; त्यात विद्युत्प्रवाह सोडताच पाणी मागे फेकले गेले व जहाज पुढे सरकले. फॅरेडेने १८२१ साली पाऱ्याच्या भांड्यात तार चुंबकाभोवती फिरविली, तेच हे तत्त्व. वेग मात्र ताशी सुमारे १५ किलोमीटर! समुद्राचे पाणी विजेचे दुबळे वाहक. त्याला कोण काय करणार? तेवढ्यावरून हा खर्च व्यर्थ ठरविणाऱ्या हिशेबनिसांशी आम्ही सहमत नाही. वीज आणि चुंबक यांचीच जोडी अवकाशात झेनॉन वायूचे कण फेकून उपग्रह हलविते; २०१७ साली आपल्या जीसॅट-९ ने विद्युत्प्रणोदन वापरलेच. असल्या ‘निरुपयोगी’ प्रयोगांसाठी आमच्या विद्यापीठांना पैसा मिळणार काय, हे शासनाने स्पष्ट सांगावे.