नवा फोन, जुना पूर

मंडळी, अक्षय्य तृतीयेला नवा फोन घेतला. आधीचा सहा वर्षं चालला, शेवटी बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं. नवा बावीस हजारांचा, बारा हप्त्यांवर. पाच हप्ते भरून झालेत, म्हणजे आता नव्याची नवलाई संपली. म्हणून हे लिहितोय.

पहिला महिना मजेत गेला. काळभैरी डोंगरावरून फोटो, एम. आर. हायस्कूलच्या ग्राउंडवरच्या फुटबॉलचे व्हिडिओ. बातमी तोंडानं बोलली की टाइप होते. पण दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं, माझं जागेवर जाणंच कमी झालंय. फोटो ग्रुपवर येतात, साहेबांचं म्हणणं व्हॉइस मेसेजवर येतं, बातमी खुर्चीतच तयार. एकदा स्क्रीन टाइम बघितला. दिवसाला सहा तास दहा मिनिटं! त्यात बातमीचं काम दोन तासांचंही नसेल.

जुलैत त्याचा हिशेब झाला. पाऊस जोरात होता. एका ग्रुपवर फोटो आला, 'भडगाव पुलावर पाणी, आत्ताचा'. मी लगेच पोस्ट टाकली, वाहतूक बंद म्हणून. पूल माझ्या घरापासून मोटरसायकलवर दहा मिनिटं. गेलो नाही.

तासाभरानं नेसरीकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. "पत्रकार, पूल चालू हाय की! आईचं डायलिसिस होतं आज. तुमची पोस्ट बघून आम्ही निघालोच न्हाई."

मग पळत पुलावर गेलो. पाणी खालीच होतं. घरी येऊन कपाटातला जुना फोन चार्जरला लावला. तो फोटो २०१९ च्या ऑगस्टमधला होता. आणि काढलेला मीच! सहा वर्षं फिरून माझ्याकडेच परत आला, आणि मला ओळखता आला नाही. पोस्ट काढली, माफी मागितली. त्या माउलीचं डायलिसिस दुसऱ्या दिवशी झालं. पण काही बरंवाईट झालं असतं तर माझी माफी काय कामाची होती?

यावर कुणी म्हणेल, फोन टाकून दे. ते आता शक्य नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर आहे. सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा. बँकेचा ओटीपी, शाळेचा निरोप, सगळं त्यातच. सरकारच फोनमध्ये जाऊन बसलंय, मग फोन सोडून माणूस जाणार कुठं? म्हणून प्रश्न वापराच्या शिस्तीचा आहे. आणि ती एकट्यानं पाळली जात नाही, हा माझा पाच महिन्यांचा अनुभव.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांच्या हातचा मोबाइल सुटेना, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. सुरुवातीला घरोघरी जाऊन सांगावं लागलं. दंडापेक्षा एकमेकांच्या नजरेचा धाक जास्त. वडगावचं मोठेपण यात आहे की त्यांनी दोष पोरांवर ढकलला नाही. पोरांबरोबर मोठ्यांनीही फोन खाली ठेवला.

आपल्या गडहिंग्लजला एवढंही जमणार नाही का? सगळ्या शहराला एक भोंगा नको. एका गल्लीनं सुरुवात करावी. नवरात्र तोंडावर आलंय. रात्री बारापर्यंत स्पीकरची परवानगी मागायला आपण पुढं असतो. तशी एखाद्या मंडळानं सात ते साडेआठची जबाबदारी घ्यावी. ज्यांचं कामच फोनवर आहे, डॉक्टर, वायरमन, रिक्षावाले, त्यांना सूट द्यावी.

आणि मी माझ्यापुरतं ठरवलंय. फोटो कुणी आणि कधी काढला हे कळल्याशिवाय पोस्ट टाकणार नाही. पुलाची बातमी असेल तर पुलावर जाऊनच देणार. पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल. मी चुकलो तर हक्कानं फोन करा, त्या नेसरीकडच्या भल्या माणसानं केला तसा.

तुमची गल्ली तयार असेल तर सांगा. पहिल्या दिवशी सातला मी स्वतः येतो. फोन घरी ठेवून.