शंका घेणारा मूर्ख नव्हता

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेत ‘सुपर बोल’ सामन्याच्या प्रक्षेपणात एफटीएक्स या आभासी चलनाच्या बाजारपेठेची जाहिरात झळकली. विनोदी नट लॅरी डेव्हिड तीत चाक, विजेचा दिवा आणि अखेर एफटीएक्सही नाकारतो. शंका घेणारा मूर्ख, हा तिचा मथितार्थ! नऊच महिन्यांत एफटीएक्सने दिवाळे काढले; ग्राहकांच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यास २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. ज्या नाण्यामागे उत्पादन नाही, त्याचा भाव नव्या गिऱ्हाइकावाचून चढत नाही. म्हणून जाहिरात हाच या धंद्याचा कच्चा माल. जनतेची शंका हे अज्ञान नव्हे, तो घामाच्या पैशावरचा पहारा आहे. परंतु हा पहारा एकट्या जनतेवर सोपविणारे शासन कोणाचे हित राखते?